फ्रीजमधलं सिलेंडर

सुनेला दुसऱ्याचे दिवस भरत आले म्हणून पोरानं मला कतारला बोलावून घेतलं. घर अल थुमामात. विमानं डोक्यावरून इतकी खाली जायची की पहिल्या दिवशी मी हातातलं भांडं सोडून खालीच बसले. गच्चीवर गेलं की फुटबॉलचं मैदान दिसायचं. वर्ल्ड कपसाठी बांधायचं चाललं होतं, आणि पोरगा तिथंच कामाला. मैदान थंड करायचं काम, म्हणायचा. वर पुरतं छप्पर नाही आणि आत थंडी सोडायची. मी विचारलं, मग उडून नाही का जात? तो म्हणाला, थंड हवा जड असते, खाली बसते. मला काही पटलं नाही. पण त्याच्यावर त्याला पगार मिळत होता, म्हणून गप्प बसले.

त्या घरातलं लई काही मला कळायचं नाही. चूल विजेची. जाळ नाही, वास नाही, नुसती काच लाल होते, आणि भाकरी काही केल्या फुगंना. नात माझं सगळं बोलणं समजायची आणि उत्तर इंग्रजीत द्यायची. मी आपली तिच्या तोंडाकडं बघायची, हसली तर बरं बोलली असंल म्हणायची.

मागच्या अंगाला एक खोली होती, कामवालीसाठी काढलेली, पण बाई नव्हतीच ठेवलेली. तिथं आणखी एक फ्रीज. कोथिंबीर ठेवावी म्हणून मी उघडला तर आत भाजी नाही, दूध नाही. दुधाच्या कॅनीसारखी एक उंच स्टीलची टाकी, आणि तिच्याशेजारी हातभर सिलेंडर. सिलेंडरावर रेग्युलेटर, त्याला दोन घड्याळं, काटा असलेली. एक नळी सिलेंडरातून टाकीत गेलेली, दुसरी टाकीतून निघून फ्रीजच्या दारातनं बाहेर, आणि तिला बाहेरून तोटी.

मी सुनेला हाक मारली. म्हटलं, चूल विजेची आणि सिलेंडर फ्रीजमधी? गॅस कुणी गार करून ठेवतं का?

"आई, ते यांचं आहे," ती म्हणाली. "तुम्ही हात लावू नका. आणि बाहेर कुणाला बोलू नका."

बोलू नको म्हटल्यावर जास्तच भ्या वाटलं. खोलीत आंबट वास होता, अंबील दोन दिवस राहिल्यावर सुटतो तसा. कोपऱ्यात झाकणाची बादली होती, तिच्यात जवाचं काहीतरी आंबवून झालं होतं म्हणे. संध्याकाळी पोरगा आल्यावर मी सरळ विचारलं. त्यानं खिडकीचा पडदा ओढला आणि मग सांगितलं. ती बियर होती. घरची.

मालकांनी कधी दारूला तोंड लावलं नव्हतं. साधा ताप आला आणि गेले, तेव्हा हा पोरगा रांगत होता. मग मी आश्रमशाळेच्या हॉस्टेलात स्वयंपाकाला लागले, आणि ह्याला तिथल्याच पोरांत शिकवला. आता तो मला म्हणत होता, बियर. मी म्हटलं, पितोस व्हय? तो म्हणाला, पितो थोडी, पण ही माझ्यासाठी नाही. साहेबासाठी.

मग त्यानं जे सांगितलं तेवढं मला नीट कळलं. मैदानाचं काम संपत आलं होतं. संपलं की माणसं घरी. रोज कुणी ना कुणी सामान बांधत होतं. थोडीच माणसं पुढं लुसैलच्या दुसऱ्या मैदानाच्या कामाला घेणार, आणि ती कुठली घ्यायची हे साहेबाच्या हातात. साहेब गोरा. त्याचा बाप त्याच्या गावाकडं घरी बियर करायचा, पिंपातनं तोटीनं काढून द्यायचा, हे तो साइटवर सारखं सांगायचा. पोरानं त्याला शुक्रवारी जेवायला बोलावलं होतं. दुसराच एक गोरा माणूस देश सोडून चालला होता, त्याच्याकडनं हे टाकी-सिलेंडर घेतलं होतं.

"इथं हे चालत नाही ना?" मी म्हटलं.

"नाही."

"मग धरलं तर?"

"धरलं तर घरी, आणि नोकरी गेली तरी घरीच," तो म्हणाला. सून पोटावर हात ठेवून उभी होती. तिचा दवाखाना तिथलाच ठरलेला होता.

आता सिलेंडराचं सांगते. हॉस्टेलात आम्ही दोघी होतो, एक माझ्याहून मोठी बाई आणि मी. नळी जुनी झाली होती, सांगून सांगून दमलो, कुणी बदलली नाही. एका पहाटे तिनं काडी ओढली. ती गेली. माझा डावा हात कोपरापासून खाली भाजला, अजून तिथली कातडी ओढल्यासारखी हाय. हात बांधलेला असतानाच मी परत भाकऱ्या थापायला गेले, कारण मी नाही गेले तर माझ्या पोराचं ताट तिथनं उठलं असतं. तेव्हापासून माझा एकच नेम. वापरणारं माणूस समोर असंल तवर सिलेंडर उघडं. माणूस हललं की बंद. हॉस्टेलात पोरी हसायच्या मला. पण बंद म्हणजे बंद.

तर इथं फ्रीजमधलं सिलेंडर दिवसभर उघडं, वापरणारा मैदानावर, आणि घरात पोटुशी बाई. मी काय करणार? पोरगा पहाटे गेला की मी मागच्या खोलीत जाऊन चावी फिरवून बंद करायची. संध्याकाळी फाटकापाशी त्याची गाडी वाजली की उघडायची. जेवणं झाली, ओटा पुसला, की पुन्हा बंद. मला वाटायचं, ह्याच्यावर तो ती बियर उकळत असंल. ह्यात सांगण्यासारखं काय? मीठ झाकून ठेवतो ते कुणी सांगतं का?

त्याच दिवसांत पोरगा बेचैन दिसायला लागला. आल्या आल्या फ्रीज उघडायचा, घड्याळाचा काटा बघायचा, तोटीतनं घोटभर गिलासात काढायचा, उजेडाला धरायचा, प्यायचा आणि मोरीत ओतायचा. म्हणायचा, पाणीच हाय नुसतं. काटा बरोबर, चावी उघडी, नळी ठीक, आणि बियरमधी फेस नाही. सुनेला म्हणाला, वास बरोबर हाय, चव बरोबर हाय, पण मेलेली हाय. मला कळंना की आंबवलेल्या पाण्यात जिवंत काय आणि मेलेलं काय. एकदा त्यानं साबणाचं पाणी करून सगळ्या नळीला चोपडलं, आणि डोळे बारीक करून बघत बसला. नातसुद्धा त्याच्याशेजारी उकिडवी बसली. एक बुडबुडा आला नाही. मला बरं वाटलं. म्हटलं, बघ, गळत नाही. तो म्हणाला, तेच तर कळत नाही आई.

कितीतरी पाइप त्यानं त्या मैदानात घातले होते, आणि ही बोटभर नळी त्याला दाद देईना. जेवणावर त्याचं लक्ष नव्हतं. रात्री कूस बदलताना पलंग वाजायचा. मला वाटलं, नोकरी जायचीच असंल तर जाऊ दे, पण ह्या पोराला झोप येऊ दे.

बुधवारी जेवताना तो सुनेला म्हणाला, मी घरी असतो तेव्हा गॅस नीट असतो, म्हणजे दिवसा कुठंतरी गळतो.

मी त्याच्या ताटात भाजी वाढत होते. त्याला धीर यावा म्हणून म्हटलं, "दिवसा कसा गळंल? तू गेलास की मी बंद करते ना. तू आलास की उघडते."

तो जेवायचा थांबला. सुनेनं माझ्याकडं बघितलं, मग त्याच्याकडं.

"रोज?" त्यानं विचारलं.

"रोज. रातीला पण."

मला वाटलं, आता चिडंल. त्यानं माझ्या डाव्या हाताकडं बघितलं, आणि उठून हात धुतला. मला मागच्या खोलीत घेऊन गेला. टाकीची नळी सोडली, आगपेटीतली काडी ओढली आणि पेटती काडी नळीच्या तोंडाशी नेली. मी त्याचं मनगट धरलं. धरलं म्हणजे ओढलंच. तो म्हणाला, बघ तर. फुस्स झालं आणि काडी विझली. त्यानं दुसरी ओढली. ती पण विझली.

"हा गॅस पेटत नाही आई. विझवतो. हा बियरमधी मुरायला लागतो, म्हणजे फेस येतो. दिवसरात्र उघडा लागतो."

मी त्या विझलेल्या काडीकडं बघत राहिले. जन्मभर गॅसला भ्यायले, आणि गॅसच जाळ विझवतो म्हणतो. मग ह्याला पण गॅस का म्हणायचं? हॉस्टेलात हाच का नाही आणला? मी विचारलं तर पोरगा म्हणाला, ह्याच्यावर भाकरी होत नाही. ते बरोबर होतं, पण माझ्या डोक्यात ते कुठं ठेवावं कळंना.

शुक्रवारला मधे एकच दिवस. मुरायला तर आठवडा लागतो म्हणे. त्यानं फोनवर कुणाला तरी विचारलं. एक उपाय होता. गॅसचा जोर वाढवायचा, टाकी आडवी करायची आणि हलवत राहायची, म्हणजे गॅस लवकर आत जातो. पण गुरुवारी साइटवर मोठी माणसं येणार होती, त्याला सुट्टी नाही. सुनेला वाकता येत नव्हतं.

तर गुरुवारी मी बसले. जमिनीवर गोधडी अंथरली, तिच्यावर गार टाकी आडवी, सिलेंडर शेजारी उघडं, आणि मी पाय पसरून दोन्ही हातांनी टाकी पुढं-मागं करते. आतनं गुळगुळ आवाज. सून दारात खुर्चीवर बसून काटा बघत होती आणि म्हणत होती, आई, थांबा थोडं, दमाल. नातीला वाटलं आजी पाळणा हलवते. तिनं टाकीवर आपला रुमाल पांघरला. गारव्यानं माझा भाजलेला हात बधिर झाला, तेवढंच बरं, दुखलं नाही. मी दुष्काळात रस्त्यावर खडी फोडलीय, शंभर पोरांचं पीठ मळलंय. ते कशासाठी, हे तेव्हा कळत होतं. दारू हलवून पोराची नोकरी वाचते, हे मात्र मला कुठनं धरावं तेच कळंना. तरी हलवत राहिले. सून म्हणाली बास, तेव्हा थांबले.

शुक्रवारी साहेब आला. उंच, लाल, पायातले बूट दाराशी काढून ठेवणारा. मी भरली वांगी आणि थालीपीठ केलं होतं. पोरानं तोटी फिरवली तर गिलासात फेसच फेस, बियर तळाला बोटभर. मी जास्त हलवलं होतं. पोराच्या कपाळावर घाम आला. साहेबानं गिलास घेतला, खाली ठेवला, आणि फेस बसायची वाट बघत वांगं खाल्लं, हातानं. मग प्याला. काहीतरी बोलला. परत गिलास पुढं केला. मग बराच वेळ दोघं इंग्रजीत बोलत होते, साहेब हळू आणि पोरगा त्याहून हळू. जाताना साहेबानं माझ्यापुढं हात जोडले. त्याचे डोळे ओले होते. आवडली असं मला वाटलं. मी सुनेला म्हटलं, झालं काम.

फाटक लागल्यावर पोरगा जेवणाच्या टेबलाशी येऊन बसला.

"काय म्हणाला?" मी विचारलं.

"म्हणाला, बापाची आठवण आली."

"आणि लुसैलचं?"

"त्याचंच नाव नाही आई. तोच चाललाय, महिनाअखेर. माणसं दुसराच कुणी निवडणार आहे. साहेब आपला निरोप घ्यायला आला होता."

सून खाली बसली. मी म्हटलं, मग मी कुणासाठी हलवलं? पोरगा हसायला लागला. हसता हसता त्यानं तोंडावर हात ठेवला आणि मग तो हसत होता की काय करत होता ते मला दिसलं नाही. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले.

थोड्या वेळानं तो म्हणाला, "आई, गॅस बंद कर आता."

मी मागच्या खोलीत गेले आणि चावी फिरवली. चांगली आवळली.

पुढं त्याला लुसैलला घेतलं. कुणी घेतलं, का घेतलं, मला माहीत नाही. त्यालाही नीट माहीत नसावं. नातू थुमामातच झाला, मग आम्ही तिकडं राहायला गेलो, ट्राम दिसते अशा उंच इमारतीत. टाकी आणि सिलेंडर त्यानं जाताना कुणाला तरी देऊन टाकलं. नव्या घरात गॅस कसलाच नाही, पेटणारा नाही की विझवणारा नाही. तरी संध्याकाळी ओटा पुसून झाला की मी चावी फिरवायला मागं वळते, आणि थोडा वेळ उभीच राहते.