एक्कावन्नावं घुंगरू

लायब्ररीत मोठ्याने बोलायचं नाही, त्यामुळे दिवसभराचे किस्से पोटातच राहतात. ठाण्याहून डोंबिवलीला घरी आले की आधी लेकाला, विहानला, छातीशी धरते, चार ठिकाणी चाचपून बघते आणि मग बडबड सुरू! नवरा म्हणतो, "कॉलेजात तू कामाला, आणि लेक्चर आम्हाला?"

मी सातवी शिकलेली. आमच्या कॉलेजात गाणं-वाजवणं, नाच शिकवतात. त्याची पुस्तकं, वाद्यं सगळं लायब्ररीत. पुसायचं, नंबराच्या चिठ्ठ्या चिकटवायच्या, जागेवर लावायचं हे माझं काम. तेही हंगामी. वर्षाला एकदा मोजणी होते. एक वस्तू कमी भरली की काम गेलं!

*

लायब्ररीच्या नाईक मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलेलं, "सुषमा, एक वस्तू, एक नंबर."

मी विसरले नाही. तबल्याला एक नंबर, डग्ग्याला दुसरा. तबला एका मुलाने नेला, डग्गा एका मुलीने. चौथ्या दिवशी दोघं काउंटरवर.

"ताई, माझा उजवा हात तयार झाला. डावा हिच्याकडे आहे!"

*

इंग्रजी नावं मला धड वाचता येत नव्हती. म्हणून नोटेशनची पुस्तकं मी माझ्या पद्धतीने लावली. मॅडम बघतच राहिल्या.

"हे काय गं?"

"शाळेत प्रार्थनेला उभं करतात ना मॅडम, तसं. उंचीप्रमाणे."

पुन्हा लावायला दोन दिवस गेले. मग गाण्याचे म्हातारे सर आले, कपाटासमोर बराच वेळ उभे राहिले आणि वैतागून म्हणाले, "आधीचंच बरं होतं. मला पुस्तकाचं नाव कधी आठवत नाही, उंची आठवते!"

*

तानपुऱ्याचं एक मशीन आहे, विजेवर चालतं. पुसताना बटण दाबलं गेलं आणि ते सुरू झालं. बंदच होईना! वाचायला बसलेली पोरं माना वर करून बघायला लागली. मी घाबरून मशीन ओढणीत गुंडाळलं, कपाटात कोंबलं, कुलूप लावलं. आता कपाट गायला लागलं!

शिपाई भोईरमामा कान देऊन ऐकत म्हणाले, "गळा चांगला आहे. ॲडमिशन देऊन टाक!"

*

मोजणीला तीन दिवस होते आणि पाळणाघर बंद. मॅडम म्हणाल्या, "आण पोराला, पण एकच दिवस." विहान दोन वर्षांचा. टेबलाखाली बसून तो नाचाच्या घुंगरांची माळ खुळखुळवत होता. संध्याकाळी मोजली. रजिस्टरात पन्नास, माळेत एकोणपन्नास!

टेबलाखाली नाही, केरात नाही. म्हणजे गिळलं! मी विहानला हलवून बघितलं, पोटाला कान लावला.

भोईरमामा म्हणाले, "वाजतंय का?"

मला रडूच फुटलं. मॅडम आतून म्हणाल्या, "काय झालं गं?"

"काही नाही मॅडम!" म्हणत मी पोराला घेऊन पळाले.

"डॉक्टर, लवकर फोटो काढा, ह्याच्या पोटात कॉलेजचं घुंगरू आहे!"

डॉक्टरांनी फोटो काढला, दोनदा बघितला. "ताई, पोट साफ रिकामं आहे. आधी ह्याला जेवायला घाला."

पोराचा घोर मिटला, तर नोकरीचा लागला. दुसऱ्या दिवशी कल्याणच्या बाजारात सतरा दुकानं फिरून तसंच एक घुंगरू आणलं. जेवणाच्या सुट्टीत कुणी नाही बघून लाल दोऱ्याने माळेत ओवलं. मोजायचं धाडस काही झालं नाही.

मोजणीला बाहेरचे साहेब आलेले. मॅडमसमोर बसून एकेक घुंगरू सरकवत होते.

"एक्कावन्न."

पुन्हा मोजली. "एक्कावन्नच! मॅडम, रजिस्टरात पन्नास आहेत."

साहेबांनी चष्मा वर केला. "हे एक लाल दोऱ्याने बांधलंय. आणि हे एक हिरव्या."

लाल माझा. मी मॅडमकडे बघितलं. त्यांच्या टेबलावर हिरव्या दोऱ्याचं रीळ होतं. ते त्यांनी हळूच रजिस्टराखाली सरकवलं.

"कमी तर नाही ना भरलं, साहेब? मग पुढचं घ्या!"