स्लो यादीतलं एक नाव

गावांत इंटरनेट नुकतं येत होतं, त्या वर्षांत मी वसईत एका केबलवाल्याच्या ऑफिसात कामाला होते. आमच्या वायरी विजेच्या खांबांवरून, कुणाच्या माडावरून गावोगावी जायच्या आणि घरात इंटरनेट पोचायचं. दिवसभर काही अडचण नसे. संध्याकाळी सात वाजले की सगळेच एकदम इंटरनेटवर बसायचे आणि मुंबईहून येणारी आमची एकच लाइन तुंबायची. मग जे दिवसभर सिनेमे डाउनलोड करत, त्यांची नावं मी कॉम्प्युटरवरच्या ‘स्लो’ यादीत टाकायचे. त्यांचा वेग कमी झाला की बाकीच्यांना मेल बघता यायची, परदेशातल्या माणसांशी बोलता यायचं. ही यादी मालकांनी माझ्यावर सोपवली होती.

सांडोरला माझी शाळेपासूनची मैत्रीण राहायची. तिचा साखरपुडा झाला होता. मुलगा कॅनडात. रोज साडेसातला, त्याच्या सकाळी, दोघं कॅमेऱ्यावर बोलायची. तिला ठाऊक नव्हतं, की त्याच मुलाचं स्थळ आधी आमच्याकडे आलं होतं. त्याची आई आमच्या ओट्यावर बसून चहा पिऊन, माझा फोटो घेऊन गेली, आणि पुढे काही कळवलंच नाही.

एकदा ती फोनवर म्हणाली, “आज त्याने खिडकीतून मला बर्फ दाखवला गं.”

“छान,” मी म्हटलं. त्या संध्याकाळी यादीच्या शेवटी तिचं नाव टाकलं.

तीन दिवसांनी ती ऑफिसात आली. “अगं, तो बोलायला तोंड उघडतो आणि तसाच राहतो! आमचा कॅमेरा बिघडलाय का?”

“संध्याकाळी लाइनवर लोड असतो.”

यात खोटं काहीच नव्हतं. “तुझ्या हातात असेल तर बघ ना,” असं म्हणून ती गेली. मी यादी उघडली, तिचं नाव पाहिलं आणि तशीच बंद केली. बरं वाटलं, हे कबूल करायला हवं.

आठवड्याने मालकांनी यादी तपासली. “हिचं डाउनलोड तर काहीच नाही. ही इथे कशी?”

“चुकून पडलं असेल.”

“बोलणाऱ्यांना अडवायचं नसतं,” एवढंच म्हणून त्यांनी नाव काढलं.

त्याच संध्याकाळी तिचा फोन. “आज एकदम स्वच्छ दिसला! तूच केलंस ना?”

“हो,” मी म्हटलं.

लग्नात, चर्चबाहेर, तिने मला हाताला धरून त्याच्यासमोर उभं केलं. “हिच्यामुळेच आपलं बोलणं झालं.” तो हसून “थँक्यू” म्हणाला. त्याने मला ओळखलं नाही. माझा फोटो त्याच्यापर्यंत पोचलाच नसावा.

तिकडे गेल्यावर ती घराचे, रस्त्यांचे फोटो मेलने पाठवायची. दुपारी लाइन मोकळी असताना मी ते एकेक करून उघडायचे. उत्तर मात्र दोन-दोन आठवडे द्यायचे नाही. ऑफिसात फार काम असतं, असं लिहायचे.