दाढीवाल्याला ऊन

मुलीने दिवाणखान्यातल्या टेबलावर काचेची पेटी ठेवली आणि वरची चादर काढली, तेव्हा आमचे हे नुकतेच शेतातून येऊन पाय धूत होते. पेटीत शेपटीसकट हातभर लांब, वाळूच्या रंगाचा एक प्राणी लाकडावर बसलेला होता. गळ्याखाली काट्यांची झालर. एका डोळ्याने तो आमच्याकडे पाहत होता.

"ह्याले बिअर्डेड ड्रॅगन म्हणतात, बाबा. दाढीवाला. मूळचा ऑस्ट्रेलियाचा."

"सरडाच हाये ना वं," हे टॉवेलने पाय पुसत म्हणाले. "आपल्या शेताच्या धुऱ्यावर सरडे कमी हायेत का, तं पुण्याहून आनला?"

मुलीची पुण्यातली खोली सुटली होती आणि नव्या जागेची मालकीण प्राणी ठेवू देत नव्हती. दुसरी जागा मिळेपर्यंत तो इथे आमच्याकडे, डोणगावात राहणार होता. मी लगेच हो म्हटलं. सगळी नोकरी मी सरकारी दवाखान्यात परिचारिका म्हणून केली. वेळच्या वेळी खाणं, स्वच्छता, तापमानाकडे लक्ष यात मला कुणी शिकवायला नको. मुलीने दोन दिवस सगळं दाखवलं आणि ती गेली.

काम अवघड नव्हतं. पेटीच्या एका टोकाला गरम दिवा, दुसरं टोक थंड. त्याला हवं तेव्हा तो उबेत जाणार, हवं तेव्हा सावलीत येणार. शिवाय एक वेगळी ट्यूब होती, उन्हातले किरण देणारी. ती दिवसभर चालू, रात्री सगळं बंद. खायला शेवग्याचा पाला, कोथिंबीर, लाल भोपळ्याचा कीस आणि मधूनमधून कोंड्याच्या डब्यात वाढवलेल्या अळ्या. ह्यांनी एकदा मळ्यातला पालक आणून दिला तो मी परत केला. रोज पालक खाल्ला तर कॅल्शियम अंगी लागत नाही. मग त्यांनी सोयाबीनच्या शेतातून नाकतोडे धरून आणले.

"फवारनी कधी केली होती?" मी विचारलं.

ते आल्या पावली परत फिरले. डबी घेऊन बाहेर गेले आणि नाकतोडे सोडून आले.

थंडी पडली तशी मी पेटी पूर्वेच्या खिडकीला लावली. सकाळी आठपासून तिच्यावर छान ऊन यायचं. तरीही जानेवारीत तो मंदावला. अळी समोर सरकली तरी झेप घेईना. मला वाटलं, थंडीचा परिणाम असेल. मग एका सकाळी मी त्याला हातावर घेतलं आणि त्याचे मागचे पाय थरथरताना दिसले. लाकडावर चढायला गेला तर पोट उचललंच जाईना. मी त्याच्या जबड्याला बोट लावलं. हाड जितकं टणक लागायला हवं तितकं लागत नव्हतं.

ही लक्षणं मी पाहिलेली होती. वस्त्यांवर लसीकरणाला जायची तेव्हा अंधाऱ्या खोल्यांत वाढलेली लहान लेकरं आया माझ्यासमोर आणायच्या. उशिरा चालायला लागलेली, पाय वाकलेली. मुडदूस. त्या आयांना मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायची, की लेकराला अंगणात कोवळ्या उन्हात बसवा.

इथल्या जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "सिस्टर, म्हैस असती तर आत्ता आलो असतो. ह्याचं मला खरंच कळत नाही." सरळ उत्तर दिलं, मला आवडलं. मुलीने पुण्यातल्या एका डॉक्टरांशी व्हिडिओवर गाठ घालून दिली. ते असेच प्राणी तपासायचे.

मी मोबाइल पेटीसमोर धरला आणि म्हणाले, "डॉक्टर, ह्याला मुडदूस झालाय."

ते हसले, पण मान डोलावली. "बरोबर ओळखलंत. ट्यूब किती जुनी आहे?"

मुलगी तिकडून म्हणाली, "वर्षाच्या वर झालं असेल. पण चालू आहे."

"उजेड देते, किरण देत नाही. ते आधीच संपतात. ट्यूब बदला."

"पण रोज खिडकीतलं ऊन मिळतंय त्याला," मी म्हटलं.

"काचेतून ऊब येते, सिस्टर. कामाचे किरण काच अडवते."

मी त्या खिडकीकडे पाहिलं. दोन महिने आम्ही दोघं त्या उन्हाकडे समाधानाने पाहत होतो! पण आता काय करायचं ते मला स्वच्छ समजलं होतं आणि त्यामुळे मनात भीती उरली नव्हती. हा आजार माझ्या ओळखीचा होता.

नवी ट्यूब कुरियरने यायला वेळ लागणार होता. ऊन मात्र गच्चीवर होतं. काचेची पेटी उन्हात ठेवली तर प्राणी आत भाजून निघतो, म्हणून मी भाजीचा प्लॅस्टिकचा कॅरेट घेतला, अर्ध्या भागावर गोणपाट टाकून सावली केली आणि रोज सकाळी त्याला वर न्यायला लागले. डॉक्टरांनी सांगितलेलं कॅल्शियमचं औषध बिनसुईच्या सिरिंजमध्ये भरायचं आणि ओठाच्या कडेला एकेक थेंब सोडायचा. तो जिभेने चाटून घ्यायचा. तोंड उघडायची जबरदस्ती मी कधी केली नाही. लेकरांनाही अशीच औषधं पाजली होती.

हे गच्चीवर चहा घेऊन यायचे, पण कॅरेटपासून लांब बसायचे. एके दिवशी मी खाली कोथिंबीर आणायला गेले आणि वरून आरडाओरडा ऐकू आला. धावत गेले. एक घार कॅरेटवरून वर उठत होती आणि हे दुपट्टा गरागरा फिरवत तिच्या मागे होते. कप फुटला होता, चहा सगळीकडे.

"नेऊन राह्यली होती त्याले!" हे धापा टाकत म्हणाले. "अन् तू वरून जाळी काऊन नाही टाकली वं?"

गोणपाटाखाली तो अंग चपटं करून बसला होता. दाढी फुगून काळीकुट्ट झाली होती. ह्यांनी खाली वाकून पहिल्यांदा त्याला हात लावला. पाठीवर एक बोट ठेवलं आणि तसंच ठेवून राहिले.

"गरम लागते," ते म्हणाले.

त्याच दुपारी त्यांनी कोंबड्यांच्या जुन्या खुराड्याची जाळी कापून कॅरेटवर तारेने बांधली. सकाळचं ऊन त्यानंतर त्यांच्याकडेच गेलं. मी औषध आणि खाणं पाहायची.

सुधारणा हळूहळू झाली. आधी थरथर थांबली. मग एका सकाळी तो पाय ताणून उभा राहिला आणि कॅरेटमधल्या विटेवर चढला. ह्यांनी जिन्यातून मला हाक मारली, "चढला वं, चढला!" नवी ट्यूब आली, ती मी बसवली आणि तारीख टेपवर लिहून पेटीला चिकटवली. जबडा घट्ट झाला. मागचा डावा पाय किंचित वाकडा राहिला तो राहिलाच. डॉक्टर म्हणाले, त्याचं त्याला काही अडत नाही. खरंच अडलं नाही.

पावसाळ्यानंतर मुलीला जागा मिळाली. ती न्यायला आली, तेव्हा तो ह्यांच्या खांद्यावर बसलेला होता. तिने हात पुढे केला. तो आधी थांबला, मग तिच्या हातावर गेला.

रात्री जेवताना ती म्हणाली, "मम्मी, इथेच ठेवू का ह्याला? तुमचं छान जमलंय."

हे माझ्याकडे पाहत होते. त्यांना काय हवं होतं ते मला दिसत होतं.

"नाही," मी म्हटलं. "तू आनला, तूच सांभाळ. तुले सगळं शिकवून पाठवतो मी."

आणि शिकवलं. औषध कसं पाजायचं, जबडा कसा चाचपायचा, पाय थरथरतात का ते कसं पाहायचं. तिच्या हाताने करून घेतलं. ती चुकली तिथे पुन्हा करायला लावलं. निघताना तिने गाडीत पेटी पट्ट्याने बांधली. ह्यांनी शेवग्याच्या कोवळ्या फांद्या ओल्या फडक्यात गुंडाळून दिल्या.

आता मुलगी रविवारी फोन करते. पहिली पाच मिनिटं तो फोन ह्यांच्याकडे असतो. परवा त्याने कात टाकली, शेपटीच्या टोकापर्यंत एकसारखी, असं तिने सांगितलं. ह्यांनी फोटो मागवला, मोठा करून पाहिला आणि शेजाऱ्यांना दाखवायला मोबाइल घेऊन बाहेर गेले.