गळ्यात अडलेला आवंढा

त्या दिवशी मी देवीच्या दारात गेले ती श्रद्धेनं नव्हे. आईचं मन मोडवेना, म्हणून गेले. गळ्यात लिंबाएवढं काहीतरी अडकून बसलं होतं. थुंकी गिळली तरी ते तिथंच, खाकरलं तरी तिथंच. जेवताना मात्र घास सहज उतरायचा. मुलं शाळेला गेली की इस्लामपूरच्या घरात मी आरशासमोर तोंड उघडून मोबाईलच्या उजेडात घसा बघत बसायची. कॅन्सर हा शब्द मी कुणाजवळ उच्चारला नव्हता, पण मनात दुसरं काही नसायचं.

माझ्या धाकट्या भावाला जाऊन वर्ष होत आलं होतं. तो फौजेत होता. बर्फातल्या एका ठाण्यावर त्याचा श्वास कोंडला आणि तो गेला. तिरंग्यात लपेटून त्याला रहिमतपूरजवळच्या आमच्या गावी आणलं, तेव्हा आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला बाजूला घेतलं. ते स्वतः निवृत्त सुभेदार. म्हणाले, "पोरी, जवानाची भण हायेस तू. रडायचं न्हाई. आईकडं बघ." मी आईकडं बघितलं, तिला धरून ताठ उभी राहिले. बहीण असावी तर अशी, असं लोक म्हणाले. त्यानंतरही डोळे भरून आले की मी आवंढा गिळायची आणि कामाला लागायची.

सांगलीच्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून घसा तपासला. गाठ नव्हती, काहीच नव्हतं. त्या क्षणी हायसं वाटलं, पण घरी पोचेपर्यंत लिंबू पुन्हा जागेवर. मग जाऊबाईंनी मला एका वैद्यबाईंकडे नेलं. त्यांनी आधी सगळे रिपोर्ट नीट वाचले, मग नाडी पाहिली. म्हणाल्या, "गळ्यातला उदानवायू अडलाय तुमचा. शिंक अडवू नये, जांभई अडवू नये, तसं डोळ्यांतलं पाणीही अडवू नये, असं आमचं शास्त्र सांगतं. शेवटचं कधी रडलात?" त्यांनी ज्येष्ठमधाचा काढा दिला, रात्री लवकर आणि हलकं जेवायला सांगितलं, छातीला-मानेला कोमट तिळाचं तेल चोळायला सांगितलं. घशाची जळजळ थांबली, झोप लागू लागली. लिंबू मात्र हललं नाही. "औषध अर्धं काम करेल," असं त्या म्हणाल्याच होत्या.

माहेरी गेले तेव्हा आई म्हणाली, "देवीची वटी भरून ये, बाळा." गावाबाहेर टेकाडावर देऊळ आहे. ओटी भरली, पण मागणं सुचेना. त्याला नेलं तेव्हा तू कुठं होतीस, एवढंच मनात आलं. नमस्कार न करताच मी बाहेर पडले.

पायऱ्यांवर एक वयस्कर बांगडीवाली बसली होती. बायका तिला चाची म्हणत होत्या. मला बघून म्हणाली, "आवं ताई, देवीची वटी भरली आन् हात मोकळंच? बसा हितं." पाय दमले होते म्हणून बसले. तिनं माझा पंजा दाबून हिरवी बांगडी चढवायला घेतली. अंगठ्याच्या हाडावर ती अडली, कळ आली आणि डोळ्यांत पाणी तरारलं. मी घाईनं दुसऱ्या हातानं डोळे पुसले, काही नाही म्हटलं.

चाचीनं हात सोडला नाही. "दुखतंय तर रडा की. बांगडी चढताना लय बायका रडत्यात."

"माझा भाऊ गेला हो, चाची," एवढंच मी बोलले आणि बांध फुटला. जत्रेत हरवलेल्या पोरीसारखी मी हमसून हमसून रडले. बांगडी तशीच हाताच्या मध्यावर. चाची "या अल्ला," असं हळूच म्हणाली आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना माझं तोंड दिसू नये म्हणून स्वतःचा पदर आडवा धरला. सगळं ओसरल्यावर तिनं बाटलीतलं पाणी दिलं. मी घटाघटा प्याले. पायऱ्या उतरून रस्त्याला लागले तेव्हा लक्षात आलं, गळा मोकळा होता.

आबा अंगणातल्या कट्ट्यावर बसले होते. माझे डोळे बघून म्हणाले, "रडलीस व्हय गं?"

"व्हय, आबा."

आता रागावतील असं वाटलं. ते थोडे सरकले, मला बसायला जागा केली. मग म्हणाले, "झोपंत लय बडबडायचा. आठवतंय का तुला?" आणि त्यांना हुंदका फुटला. आई स्वयंपाकघरातून हात न पुसताच धावत आली. त्या संध्याकाळी आम्ही तिघं पोटभर रडलो, आणि त्याच्या खोड्या आठवून हसलोसुद्धा.

अजून कधीमधी गळा दाटतो. मग असेन तिथं रडून घेते, काढाही घेते. ती बाई म्हणजे साक्षात देवी होती, असं मी म्हणत नाही. चाचीचं रहिमतपुरात दुकान आहे. बांगड्या भरायला मी तिच्याकडेच जाते. पण मी रुसून, पाठ फिरवून निघाले होते, आणि तरी देवळाच्या पायरीवरच मला कुणीतरी थांबवलं, याचे उपकार मी विसरू शकत नाही. शरण जायचं म्हणजे हात जोडायचे, एवढंच मला ठाऊक होतं. कुणी धरलेला हात सोडवून न घेणं, हेही शरण जाणंच असतं.