बिनसहीची नोटीस

हैदराबादच्या सरकारी कॉलेजच्या ग्रंथालयातले कारकून तातेराव दर जूनमध्ये एक लबाडी करत आणि ती मोठ्या प्रामाणिकपणे करत. फळ्यावर सुबक अक्षरात नोटीस लावत : ‘शनिवारी कॉलेज बंद राहील.’ खाली सही नाही, शिक्का नाही. पोरं टाळ्या पिटत सिनेमाचे बेत आखत. शनिवारी प्राध्यापक रिकाम्या बाकांना शिकवत आणि प्रिन्सिपॉलसाहेब तातेरावांना फैलावर घेत.

“साहेब, परीक्षा घेतली,” ते खाली मानेनं सांगत. “यंदाही सगळे नापास.”

जो कोणी खिडकीशी येऊन ‘हे लिहिलं कोणी?’ असं विचारील, त्याला दुसरं कार्ड, म्हणजे एका वेळी दोन पुस्तकं. छप्पन साली असं एकच माणूस आलं. अंबरपेठची सत्यवती.

“काका, सही कोणाची हो याच्यावर? कुणीबी चिकटवलं तर आम्ही मानायचं का? नक्को!”

तातेरावांनी इतक्या आनंदानं तिचं दुसरं कार्ड लिहिलं की शाई सांडली.

ते वर्षच बातम्यांचं होतं. हैदराबाद राज्याची तीन तुकड्यांत वाटणी व्हायची होती. मराठवाडा मुंबई राज्यात जायचा होता आणि सरकारी नोकरांचीही वाटणी होती. तातेराव अकरा वर्षं गौलीगुड्यात एका खोलीत राहत होते. बायको कोंडाबाई नांदेडला. तिच्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, त्यांना सोडून यायचं कसं? संध्याकाळी तातेराव बसस्टँडवर जात, नांदेडची गाडी आली की तिच्या चाकांवरची धूळ बघत उभे राहत.

“गोदावरीला पाणी किती हो?”

“काका, मी तिकिटं फाडतो,” कंडक्टर वैतागे. “नदी मोजत नाही.”

ऑक्टोबरात एका दुपारी त्याच फळ्यावर यादी लागली. मुंबई राज्यात जाणारे कर्मचारी. सातवं नाव तातेरावांचं, पुढे ‘नांदेड’. त्यांनी ते बोटानं वाचलं, मग चष्मा काढून वाचलं. पोस्टकार्ड घेतलं आणि लिहिलं : ‘चि. सौ. कोंडाबाईस आशीर्वाद. मी येतो. खुंटीवरची दळणाची पिशवी काढून ठेव, तिथं माझा कोट लागेल.’

सत्यवती पुस्तक परत करायला आली. त्यांनी तिलाही फळ्याशी नेलं. तिनं यादी वाचली, त्यांच्याकडे पाहिलं, पुस्तकाची पानं उगाच चाळली.

“काय गं? बोल की.”

“काही नाही काका.”

“दुसरं कार्ड काढून घेईन हं!”

“काका,” ती हळूच म्हणाली, “सही कोणाची आहे?”

तातेराव पुन्हा वाकले. सही नव्हती. शिक्का नव्हता. ऑफिसातून कुणीतरी कच्चा कागद घाईनं चिकटवला होता. कच्च्यातलं नाव पक्क्या यादीत येईल, नाहीतर गळेल.

“मी विचारायला नको होतं.”

“विचारलं नसतंस तर जूनचे मार्क परत घेतले असते,” तातेराव म्हणाले. हसायला मात्र त्यांना थोडा वेळ लागला.

संध्याकाळी स्टँडवर नांदेडची गाडी सुटायला आली होती. पोस्टकार्ड अजून खिशातच होतं. त्यांनी गाडीच्या पत्र्यावर ते टेकवलं आणि खाली एक ओळ वाढवली : ‘नाव आहे, सही यायची आहे. पिशवी तूर्त राहू दे.’

मग थोडं थांबून शेवटचं वाक्य खोडलं आणि स्वतःची ठळक सही केली.