हायब्रिडची पाठवणी

गाडी दान करायची ठरली, तेव्हा आमच्या ह्यांनी आदल्या दिवशी ती दोनदा धुतली. लेकीला सासरी धाडताना ह्यांनी एवढं केलं नव्हतं. आमची हायब्रिड, म्हणजे थोडी पेट्रोलवर आणि थोडी बॅटरीवर चालणारी थोराड गाडी, आता उताराला लागली होती. बॅटरी दमली होती. जुन्या गाड्या घेणारे दलाल यायचे, चहा प्यायचे आणि सहानुभूती व्यक्त करून जायचे. तेवढ्यात रोह्याकडच्या खांब गावातल्या एका सेवा मंडळाला पेशंटची ने-आण करायला गाडी हवी आहे असं कळलं आणि ह्यांच्या अंगात कर्ण संचारला.

ठाण्याहून सकाळी निघालो. गाडी मी चालवत होते, कारण ह्यांना तिचा 'शेवटचा प्रवास अनुभवायचा' होता. पेणपर्यंत त्यांनी मला हायब्रिड म्हणजे काय ते समजावलं. गाडी घेतल्यापासून मी हे प्रवचन ऐकत आले आहे. पेणमधल्या कारखान्यांच्या दारांत बिनरंगाचे गणपती ओळीने बसले होते, तेही बहुधा ऐकत असावेत. वडखळला अलिबागची मौजमजावाली मंडळी उजवीकडे वळली आणि आम्ही पुण्यवान लोक महामार्गाचे खड्डे मोजत पुढे गेलो.

गडबला चहाला थांबलो. टपरीवाल्या बाईंकडे पोह्याचे पापड होते, ते ह्यांनी घेतले आणि न विचारता सांगून टाकलं की ही गाडी आम्ही दान द्यायला चाललोय. बाईंनी गाडीभोवती एक चक्कर मारली.

"फुकट देताव? मंग काय बिघडलाय तिचा?"

हे नागोठण्यापर्यंत काही बोलले नाहीत. मला तेवढाच आराम मिळाला. बाहेर भात कापून झालेल्या शेतांत वाल हिरवागार उभा होता आणि बांधावर कुणी पोपटीचं (मडक्यात पाल्यासकट भाजलेल्या वालाच्या शेंगा) मडकं लावलं होतं. त्या वासाने जीव कासावीस झाला. पण दानशूर माणसं वाटेत शेंगा खायला थांबत नाहीत म्हणे.

खांबला मांडव पाहून मी चाटच पडले. स्टेज, खुर्च्या, कर्णा, ह्यांच्या फोटोचा फ्लेक्स. मंडळाच्या अध्यक्षांनी गाडीला झेंडूच्या माळा घातल्या, चाकांखाली लिंबं ठेवली आणि पुढे दोन बांबू रोवून लाल सॅटिनची फीत बांधली. स्टेजवर थर्माकोलची सोनेरी चावी होती, जवळजवळ माझ्या उंचीची. ही प्रतीकात्मक चावी ह्यांनी प्रमुख पाहुण्यांच्या हाती द्यायची, पाहुण्यांनी अध्यक्षांना द्यायची, मग फीत कापायची. खरी चावी माझ्या पर्समध्ये होती, पण तिची कुणालाच गरज नव्हती.

पाहुणे वाटेत होते. बराच वेळ वाटेतच होते. अध्यक्षांनी वेळ काढायला भाषण सुरू केलं. मला बायकांत बसवलं होतं. शेजारच्या बाईंचा चेहरा सुजलेला होता आणि पायही चपलेत मावत नव्हते. त्या यमुनाबाई. ही गाडी ज्या पेशंटसाठी मागितली होती, त्यांतल्या पहिल्या. भाषणात त्यांचं नाव दोनदा आलं, दोन्हीदा टाळ्या पडल्या. दुपारी पेणला त्यांचा डायलिसिसचा नंबर होता. मंडळाची जुनी जीप बंद पडल्यामुळे मागचा नंबर चुकला होता आणि हाही चुकला तर डॉक्टर काय म्हणाले होते ते त्यांनी सांगितलं. मी ते इथे लिहीत नाही.

मी अध्यक्षांकडे गेले. ते म्हणाले, ताई, उद्घाटनाआधी गाडी कशी हलवणार? अपशकुन होतो आणि पाहुण्यांचा अपमानही. मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे शालीची घडी नीट करत होते. संताप संताप झाला माझा. परत खुर्चीत येऊन बसले.

यमुनाबाई हळूच म्हणाल्या, "गो बाय, मी मेले की मंग कापतील काय ती फीत?"

त्यांना धरून उठवलं आणि मागच्या सीटवर बसवलं. पेट्रोलची गाडी असती तर अख्खा मांडव वळला असता. पण ही सुरुवातीला बॅटरीवर चालते, आवाज म्हणून करत नाही. लिंबं फुटली, फीत बांबूसकट उपटून बॉनेटवर आली आणि कर्ण्यावर 'या गाडीमुळे' असं काहीतरी चालू असताना आम्ही महामार्गाला लागलो. आरशात दिसलं, फक्त ह्यांनी पाहिलं होतं. ते स्टेजवर अर्धवट उभे राहिले आणि पुन्हा बसले.

पेणला वेळेत पोचलो. सिस्टरांनी यमुनाबाईंना आत घेतलं तेव्हा मला रडूच आलं. आत जाण्याआधी त्यांनी ती फीत नीट गुंडाळून पिशवीत टाकली होती. नातीच्या वेण्यांना होईल म्हणाल्या.

दुपार कलल्यावर हे आले. मंडळाच्या ड्रायव्हरच्या मोटारसायकलवर मागे बसून, अंगावर शाल, काखेत थर्माकोलची चावी, तोंडावर निम्म्या महामार्गाची धूळ. मी हसले नाही, एवढं पातिव्रत्य पुरे. ड्रायव्हर यमुनाबाईंना परत नेणार होता. त्याला खरी चावी दिली आणि आम्ही एसटी धरली.

वाटेत अध्यक्षांचा फोन आला. ह्यांनी स्पीकरवर घेतला. पाहुणे येऊन, बांबूंचे रिकामे खड्डे बघून गेले होते. पुढची तारीख पंधरवड्याने देतो म्हणाले होते. "तोवर गाडी शेडमध्ये झाकून ठेवतो, साहेब. उद्घाटनाशिवाय बाहेर काढणार नाही."

परवा यमुनाबाईंचा पुढचा नंबर. मी ह्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. बघून काय होणार होतं?

"ठेवा की," हे म्हणाले. "गाडी नावावर करायच्या कागदांवर माझी सही राहिलीय. तीही तोवर झाकून ठेवतो."

मग अध्यक्ष म्हणाले, बघतो. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हा माणूस इतकं थोडक्यात बोलू शकतो हे मला त्या एसटीत कळलं. मी पोह्याचे पापड काढले आणि आम्ही ते कच्चेच खाल्ले.

तिसऱ्या दिवशी सकाळी माझा फोन वाजला. यमुनाबाई होत्या, मागे गाडीचा दरवाजा लागल्याचा आवाज.

"बाय, निगालो आमी. पर सायबांना इचार, गाडीतला ह्यो गार वारा लय येतंय, कमी कसा करायचा?"

मी फोन ह्यांना दिला. ह्यांनी चष्मा लावला, खुर्ची ओढून बसले आणि हायब्रिड म्हणजे काय, इथपासून सुरुवात केली.