डोळ्यातली बाहुली

किरनापुरात कोणी अंथरुणाला खिळलं की डॉक्टरच्या पाठोपाठ गोदाबाईला बोलावणं जायचं. ती रोग्याची हनुवटी धरायची, त्याच्या डोळ्यात डोकावायची आणि बाहुली शोधायची. बुबुळाच्या मधल्या काळ्या ठिपक्यात पाहणाऱ्याचं इवलंसं रूप दिसतं, ती बाहुली. दिसली तर म्हणायची, "हाय." नाही दिसली तर पदर सावरून उठायची, आणि घरचे पाहुण्यांना फोन लावायला लागायचे. अंदाज फारसा चुकत नसे. म्हणून लग्नकार्यात तिला मान मोठा. मात्र तिच्या समोर बसून जेवायला कोणी तयार नसायचं.

गेल्या दिवाळीनंतर भलतंच सुरू झालं. पानठेलेवाल्या वसंताच्या डोळ्यात तिला बाहुली दिसेना. वसंता म्हणजे धडधाकट रेडा. मग शेजारच्या समीक्षाच्या डोळ्यात दिसेना, मग माझ्या. मी हसण्यावारी नेलं. गाडी मात्र काही दिवस हळू चालवली. शेवटी तिने हेमराजला वाकवलं. हा तिचा एकुलता मुलगा, किरनापूर-बालाघाट ऑटो चालवतो. त्याच्या डोळ्यात पाहून ती पदर सावरून उठली. ऑटोची चावी तांदळाच्या डब्यात खुपसून डब्यावर बसून राहिली.

मी बालाघाटात चष्म्याच्या दुकानात कामाला आहे. मला एवढं कळलं की मरायला अख्खी गल्ली निघालेली नाही, गोदाबाईचा, म्हणजे आमच्या मोठीमायचा, मोतीबिंदू पिकलाय. हेमराजने आणि मी तिला कसंबसं दवाखान्यात नेलं.

डोळ्यात थेंब घालून तिला बाकावर बसवलं होतं. तिची भीती जावी म्हणून मी मोबाईलवर वाचलेली विद्वत्ता पाजळली. डॉक्टर ज्याला प्युपिल म्हणतात तो शब्द मूळचा लॅटिन, त्याचा अर्थ छोटी मुलगी, बाहुली. ग्रीकांच्या डोळ्यातही मुलगीच. संस्कृतातली कनीनिका म्हणजेही पोरगी, हिंदीत पुतली. म्हणजे काय मोठीमाय, तर सगळ्या मुलुखांतल्या लोकांनी आपलंच प्रतिबिंब पाहिलं आणि त्याला बाहुली म्हटलं. घाबरण्यासारखं त्यात काही नाही.

ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "म्हंजे ते बी पाहत होते. हाय का गेली ते."

तेवढ्यात नर्स तिला ऑपरेशनसाठी आत घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. नर्सच्या डोळ्यात बाहुली होती, माझ्या डोळ्यात होती, शेजारच्या खाटेवरच्या कण्हणाऱ्या म्हाताऱ्याच्याही होती. हेमराज हसत हसत वाकला. त्याचा चेहरा तिने दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

"हाय," ती म्हणाली. मग हळूच, "पण पाठ करून उभी हाय."

याचा अर्थ काय, ते तिलाही ठाऊक नव्हतं. जन्मात असं पाहिलं नव्हतं म्हणाली. डॉक्टर म्हणाले, भिंग नवीन आहे, नजर बसायला वेळ लागेल. आम्ही जोरजोरात माना डोलावल्या.

नजर बसली. आता ती बिनचष्म्याची सुईत दोरा ओवते. आणि रोज सकाळी हेमराजच्या ऑटोत मागे बसते, किरनापूर ते बालाघाट आणि परत. वसंता म्हणतो, हेमराजची एक सवारी काही उतरत नाही. ती कोणाशी बोलत नाही. समोरच्या आरशात हेमराजच्या डोळ्यांकडे पाहत ओठ हलवत असते.

परवा मी तिच्या शेजारी बसलो होतो. थट्टेनेच विचारलं, काय मोठीमाय, वळली का बाहुली इकडे?

तिने आरशावरची नजर काढली नाही.

"तिकडेच चालून राह्यली, बापू," ती म्हणाली. "मी आवाज देऊन राह्यली."